वळणावरची रेती

पन्नाशीला टेकल्यावर माणसाला एक तर गुडघे आठवतात, नाही तर देव. माझ्या नवऱ्याला मोटारसायकल आठवली.

दिघोरीत आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. दुकानासमोर वर्षानुवर्षं एक जुनी, गरीब स्वभावाची गाडी उभी असायची. तिच्यावर युरियाचं पोतं, घरचं दळण, सासरे आणि मी, सगळ्यांची सोय व्हायची. एका दसऱ्याला ती गाडी मागच्या गोठ्यात गेली आणि तिच्या जागी एक काळी, जाडजूड, रेड्यासारखी गाडी येऊन उभी राहिली. डॉक्टरने ह्यांना रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. ह्यांनी त्याचा अर्थ गाडी चालवायला असा घेतला. मी विचारलं तर म्हणाले, गाडीवर बसलं की मन मोकळं होतं आणि मन मोकळं झालं की बीपी आपोआप उतरतं.

गाडीची पूजा झाली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मुहूर्तावर लिंबू चिरडायचं म्हणून हे थाटात गाडीवर बसले आणि तेव्हा लक्षात आलं की ह्यांचे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. अंगठे टेकत होते. गाडी उजवीकडे कलली की उजवा अंगठा, डावीकडे कलली की डावा, असं बराच वेळ चाललं. शेवटी शेजारच्या पानठेल्यावरची दोन माणसं धावून आली, त्यांनी दोन्ही बाजूंनी गाडी धरली आणि लिंबू एकदाचं फुटलं. माझे सासरे, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीने मामाजी म्हणते, सपरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खाटेवरून सगळं बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, की हे जनावर रोज कोण बांधणार आणि कोण सोडणार.

प्रश्न रास्त होता. गाडी मोठ्या स्टँडवर चढवायला हे एकटे पुरत नसत. पण एकदा का ती रस्त्याला लागली, की हे वेगळेच व्हायचे. पाठ ताठ, छाती पुढे, नजर दूर. त्यात सायलेन्सर बदलून आणला. त्याच्या आवाजाने शेजारची म्हैस दोन दिवस पान्हा चोरून राहिली, आणि शेजारीणबाईंनी मला येऊन सांगितलं की साहेबांनी एक तर गाडी बदलावी नाही तर म्हैस. ह्यांनी तो आपला गौरव समजला.

एकट्याचा होता तोवर हा आजार बरा होण्यासारखा होता. पण दिवाळीनंतर त्याची संघटना झाली.

लाखांदूर-पवनीच्या पट्ट्यात रेती आणि गिट्टीची कामं घेणारा एक ठेकेदार आहे. आमच्या भागात कुणाला घर बांधायचं असो, रस्ता दुरुस्त करून घ्यायचा असो की ग्रामपंचायतीत काही अडलेलं असो, फिरून फिरून माणूस त्याच्या ओसरीत जातो. त्याच्याकडे तशीच गाडी होती, ह्यांच्यापेक्षा महाग. तो स्वतः, माझा नवरा, एक औषधी दुकानवाला, एक राइस मिलवाला आणि एका पतसंस्थेचा मॅनेजर अशा पाच जणांचा एक रायडर्स क्लब त्याने काढला आणि कुणी न नेमता त्याचा कॅप्टन झाला. तेव्हापासून सगळे त्याला कॅप्टनच म्हणायला लागले. त्याची बायकोसुद्धा.

पाचही जणांनी नागपूरहून कातडी जॅकेट आणली. आत खांद्याला आणि कोपराला टणक गाद्या, गुडघ्यांना ढाली. आमच्याकडे उन्हाळ्यात कावळासुद्धा दुपारी नळाखाली चोच उघडून बसतो, आणि हे पाच जण घामोळ्यांनी खाजत, काळ्या जॅकेटांत, आलुबोंडे खायला साकोलीला जायचे. एकदा वाटेत एका गावातल्या माणसांनी त्यांना विजेची चोरी पकडणारे समजून भराभर तारांवरचे आकडे काढून घेतले. ते मला ह्यांनी फार अभिमानाने सांगितलं. लोकांवर कसा वचक बसतो बघ, म्हणाले.

हेल्मेट होतीच. पण ती डोक्यावर फक्त फोटोत. एरवी ती आरशाला लटकायची नाही तर कोपरात अडकवलेली असायची. मी शाळेत शिकवते, तेव्हा सवयीने एकदा विचारलं, की कोपरात असा कोणता मेंदू आहे ज्याची एवढी काळजी. ह्यांनी सांगितलं की हेल्मेट घातलं की वारा लागत नाही आणि वारा नाही तर मग गाडी कशाला चालवायची.

"तुले नाही समजणार वो," ते म्हणाले. "गाडीवर बसलो की मले पंचवीस वर्षांचा असल्यासारखं वाट्टे."

पंचविसाव्या वर्षी हे सायकलवर होते आणि चेन पडली म्हणून आमच्या साखरपुड्याला उशिरा पोहोचले होते.

तो उन्हाळा-पावसाळा सरल्यावर जानेवारीत कॅप्टनच्या मनात आलं की क्लबने रस्ता सुरक्षेची रॅली काढावी. रस्ता सुरक्षेच्या दिवसांत सरकारी लोक पाहुणे म्हणून मिळतात आणि फोटो पेपरात येतो. दिघोरीहून निघायचं, लाखांदूर, पवनी करत गोसीखुर्दच्या धरणावर पोहोचायचं, तिथे कार्यक्रम, आणि जेवून परत. सगळ्यांनी बायकांना मागच्या सीटवर बसवून आणायचं, म्हणजे महिलांचा सहभाग दिसतो. मी शनिवारची शाळा सांगून बघितली. ह्यांनी रॅली रविवारी आहे म्हणून सांगितलं. मी गुडघा दुखतो म्हणून बघितलं. मामाजी खाटेवरून म्हणाले, जाऊन ये बाई, इथे बसूनही दुखतोच.

त्या सकाळी आम्हा पाच बायकांना एकेक गुलाबी हेल्मेट मिळालं. नवं कोरं, आत अजून कागद चिकटलेला. माझ्या आधी कुणीतरी ते घालून बघितलं असावं, कारण त्याला मोगऱ्याच्या तेलाचा वास होता. पुढे लावायला फलक होते. आमच्या गाडीच्या वाट्याला ‘घरी कुणीतरी वाट पाहत आहे’ हा फलक आला. घरी मामाजी होते आणि ते कुणाची वाट बघत नसत, पण फलक शोभत होता.

निघालो. आणि मी खोटं बोलणार नाही, लाखांदूर मागे पडल्यावर मला मजा यायला लागली. सकाळचं धुकं नदीकडून शेतांवर आलेलं होतं. कालव्याच्या पाण्याने भरलेल्या शेतांत उन्हाळी धानाच्या चिखलणीचे ट्रॅक्टर फिरत होते, पण रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. रस्ता सरळ आणि रिकामा. ह्यांनी गाडी जरा सोडली. खाली इंजिन एका लयीत धडधडत होतं आणि गार वारा हेल्मेटच्या फटीतून कानाशी शिट्टी वाजवत होता. मला वाटलं हा रस्ता संपू नये. मी ह्यांच्या खांद्यावरचा हात काढून कमरेला धरलं. हे मागे वळून म्हणाले, पाहिलं? मी म्हटलं, समोर बघा. मजा येतेय हे कबूल करायला मी तयार नव्हते.

धरणावर मांडव होता, खुर्च्या होत्या, एक पाहुणे होते. मागे एवढं मोठं पाणी पसरलेलं, त्यावर दूर डोंगे, आणि त्या पाण्याकडे सगळ्यांची पाठ. कॅप्टनने भाषण केलं. भाषण चांगलं होतं, हे मी मान्य करते. हेल्मेट हा तुमचा दुसरा जन्मदाता आहे, असं काहीसं तो म्हणाला. वेगाला लगाम, जीवनाला सलाम, असंही म्हणाला. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हा आपल्या सगळ्यांच्या बेपर्वाईचा खड्डा आहे, असं सांगताना त्याचा आवाज भरून आला. त्या भागातले किती खड्डे त्याच्या टिप्परांनी पाडले आहेत हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. थंडी होती, हात गरम झाले.

मग पाहुण्यांच्या हस्ते पाचही रायडर्सना फेटे बांधले. फेटे भगवे, मोठे, मागे शेपूट सोडलेले. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, हे लक्षात यायला कुणाला वेळ लागला नाही, पण तोवर हेल्मेटवरचं भाषण संपलेलं होतं.

फोटो झाले. जेवण झालं. मग मॅनेजर एक पोतं घेऊन बायकांमध्ये फिरायला लागला आणि गुलाबी हेल्मेट गोळा करायला लागला. ती भाड्याने आणलेली होती. संध्याकाळपर्यंत दुकानात परत करायची होती. चार बायकांनी दिली. माझ्यापाशी कॅप्टन स्वतः आला.

"वहिनी, देऊन द्या ते. परत द्या लागते."

मी म्हटलं, "घरी पोहोचले की देईन, भाऊजी. तुमचं भाषण आत्ताच ऐकलं ना."

तो हसला. माझे यजमान मात्र कानापर्यंत लाल झाले. गाडीपाशी आल्यावर म्हणाले की चार लोकांत माझी शोभा केली. ह्यांनी आपला फेटा तसाच ठेवला असता, पण मी गाडीवर बसायलाच तयार होईना, तेव्हा चिडून फेटा काढला, डिकीत कोंबला आणि हेल्मेट आपटून डोक्यावर घातलं. बाकी चौघे फेट्यांतच निघाले. वाटेत गावं लागतात, आणि गावात फेटा दिसायला हवा.

पवनी ओलांडल्यावर कॅप्टनला जोर चढला. पोट भरलेलं, डोक्यावर फेटा, मागे चार गाड्यांचा ताफा. त्याची बायको दुपारीच कुणाच्या तरी कारने पुढे गेली होती, म्हणून तो एकटा आणि हलका होता. औषधी दुकानवाल्याची बायको मागे बसून मोबाइलवर शूटिंग करत होती, त्यासाठी कॅप्टनने हात हवेत उंचावून आम्हाला पुढे यायची खूण केली. ह्यांनी लगेच वेग वाढवला. मी पाठीत गुद्दा मारला. जॅकेटच्या गादीवर मारला, त्यांना काही लागलं नाही.

नदीच्या घाटाकडून येणारा कच्चा रस्ता जिथे डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे एक वळण आहे. रेतीचे टिप्पर तिथूनच वर येतात. ओली रेती भरलेली असते, वर झाकण नाही, मागून पाणी गळतं आणि त्याबरोबर रेतीही. वळणावर टिप्पर कलला की आणखी सांडते. दिवसभरात ती सुकते आणि डांबरावर अशी पसरून राहते की लांबून रस्ता नुसता जरा पांढरट दिसतो.

कॅप्टन त्या वळणात हात हवेत ठेवूनच शिरला. मला त्याच्या फेट्याचं शेपूट उडताना दिसलं आणि मग फेटा आडवा झाला. गाडी एका बाजूने घसरत गेली, तो दुसऱ्या बाजूने, आणि रस्त्याकडेच्या बेशरमच्या झुडपांत जाऊन दिसेनासा झाला. आमच्याकडे नाल्यांच्या काठी ही झुडपं माजतात, त्यांचं नाव मी ठेवलेलं नाही. ह्यांनी जोरात ब्रेक दाबला. रेतीवर ब्रेक दाबायचा नसतो, हे ह्यांना दवाखान्यात एका कंपाउंडरने सांगितलं. पुढचं चाक गेलं. मला एवढंच आठवतं की रस्ता माझ्या डाव्या बाजूने उभा राहिला, मग डोक्याच्या आत एक भांडं फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मग फार शांत झालं.

मी उठून बसले तेव्हा तोंडात रेती होती. डाव्या हाताचं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. गुलाबी हेल्मेटला कानापासून मागे लांब तडा गेलेला होता. हे गाडीखाली अडकले होते आणि माझं नाव घेऊन ओरडत होते. लग्नानंतर ह्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, मी आहे, इथेच आहे. मग ते थांबले आणि कण्हायला लागले. उजव्या पायाची नळी मोडली होती.

मागच्या तीन गाड्या वेळेत थांबल्या होत्या. सगळे बेशरमच्या झुडपांकडे धावले. कॅप्टन डोळे मिटून पडला होता, कानामागून रक्त येत होतं, पण श्वास चालू होता. फेटा सुटून अर्धा गळ्यात आणि अर्धा फांद्यांत अडकला होता. तोच त्याच्या डोक्याखाली आला होता म्हणून कवटी वाचली, असं पुढे डॉक्टर म्हणाला.

कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होतं, तेवढ्यात घाटाकडून एक टिप्पर वर आला. भरलेला. ड्रायव्हरने आम्हाला बघितलं, उतरला, झुडपांपाशी गेला आणि तिथेच खाली बसला. टिप्पर कॅप्टनचा होता.

"मी तं आत्ताच एक खेप टाकून आलो," तो म्हणाला. कुणीच त्याला काही विचारलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. मग त्याच टिप्परमधून न्यायचं ठरलं. कॅप्टनला आणि माझ्या नवऱ्याला मागे रेतीवर झोपवलं, खाली चादर टाकून. ओली, मऊ रेती, धक्का लागत नव्हता, हे खरं. मला केबिनमध्ये बसवलं. माझ्या बाजूच्या आरशात मागचा रस्ता दिसत होता. आमच्या मागे पाण्याची आणि रेतीची एक बारीक रेघ पडत येत होती. पुढे दोन वळणं होती. दोन्हीवर टिप्पर कलला आणि दोन्हीवर आम्ही आमचा वाटा टाकून आलो.

दवाखान्यात कॅप्टन शुद्धीवर आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. माझ्या हाताला लाकडी पट्टी बांधून झाली होती. त्याने डोळे उघडले, छताकडे बघितलं, आपल्या ड्रायव्हरकडे बघितलं आणि तोंडातून पहिला शब्द काढला, "डुक्कर."

आधी कुणाला समजलं नाही. औषधी दुकानवाला त्याच्यावर वाकला. कॅप्टन पुन्हा म्हणाला, "डुक्कर आडवं आलं ना."

तासाभरात ते रानडुक्कर तयार झालं. औषधी दुकानवाल्याने ते डावीकडून येताना बघितलं होतं. राइस मिलवाल्याने काळं बघितलं होतं, मॅनेजरने भुरकट, आणि मॅनेजरच्या बायकोला पिल्लंही दिसली होती. शूटिंगचं विचारलं तर नेमकं त्याच वेळी मोबाइल बंद पडल्याचं निघालं. आमच्याकडे रानडुकरं आहेत, रस्त्यात येतात, माणसं पाडतात, पिकं उपटतात. त्यामुळे खोटं म्हणायला कुणाला जागा नव्हती. शिवाय जंगली जनावराने इजा केली तर वनखात्याकडून भरपाई मिळते, आणि रेतीने केली तर मिळत नाही.

माझ्या नवऱ्याला पायाला वजन लावून निजवलं होतं. मी त्यांना विचारलं, "तुम्ही पाहिलं डुक्कर?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "एवढे लोक म्हणून राहिले, तं असंल."

संध्याकाळी जमादार जबाब घ्यायला आला. चौघांचे झाले. सगळ्यांनी डुक्कर सांगितलं. मग माझ्याकडे वळला. मी म्हटलं की डुक्कर नव्हतं, रस्त्यावर रेती होती, टिप्परमधून सांडलेली. जमादाराचं पेन थांबलं. त्याने पलीकडच्या खाटेवर डोक्याला पट्टी बांधून पडलेल्या कॅप्टनकडे बघितलं. मग फार मायेने मला म्हणाला, मॅडम, तुमच्या डोक्याला मार आहे, आज आराम करा, मी सावकाश येतो. तो अजून यायचा आहे.

पेपरात बातमी आली. रस्ता सुरक्षा रॅलीवर रानडुकराचा हल्ला, कॅप्टनच्या प्रसंगावधानाने मोठा अनर्थ टळला. फोटो धरणावरचा होता, सगळे फेट्यांत. पहिल्या रांगेत पाच गुलाबी हेल्मेट.

ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये, माझा हात प्लास्टरमध्ये, आणि घरात मामाजी. माझी बहीण बपेऱ्याहून मदतीला आली आणि आमचा स्वयंपाक करायला लागली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी डुकराची चौकशी करायचा. केवढं होतं, सुळे होते का. हे आधी अडखळायचे. आठवड्याभरात हात पसरून माप दाखवायला लागले. मामाजी ऐकत असायचे. त्यांनी त्यांच्या उमेदीत एक मोपेड या भागात इतकी फिरवली होती की तिचा पत्रा झिजला होता. एकदा पाहुणे गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "माह्यासमोर तीनदा डुक्कर आलं जिंदगीत. एकही खोटं नव्हतं."

हे त्या रात्री जेवले नाहीत. पाय दुखतो म्हणाले.

मग एक दिवस वनखात्याचा गार्ड आला. कॅप्टनने भरपाईसाठी अर्ज केला होता आणि साक्षीदारांत आमचीही नावं होती. गार्ड साधा, सायकलवर आलेला माणूस. चहा घेतला. म्हणाला की मी त्या जागेवर जाऊन आलो, आजूबाजूला फिरलो, कुठे माग नाही, केस नाही, उकरलेली माती नाही. मग ह्यांना विचारलं. हे म्हणाले की सगळं फार घाईत झालं. मग त्याने मला विचारलं.

"डुक्कर होतं जी," मी म्हटलं. "दहा चाकांचं होतं."

गार्डाने कप खाली ठेवला. हसला नाही. विचारलं, मग मी काय लिहू. मी म्हटलं, तुम्ही जे पाहिलं ते. त्याने जागेवर कोणत्याही वन्यप्राण्याचा माग आढळला नाही, असं लिहिलं आणि गेला.

कॅप्टनचा अर्ज अडकला. त्याला त्या भरपाईची काही गरज नव्हती, त्याच्या एका टिप्परच्या टायरला त्याहून जास्त पैसे लागत असतील. पण त्याचं म्हणणं कुणीतरी नाकारलं, हे त्याला नवीन होतं. आणि माझं वाक्य गार्डाबरोबर दिघोरीतून बाहेर पडलं होतं. लाखांदूरच्या बाजारात म्हणे टिप्पर दिसला की पोरं ‘डुक्कर आलं, डुक्कर आलं’ म्हणत बाजूला व्हायची. कॅप्टनचा ह्यांना फोन आला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. हे नुसते हो भाऊ, हो भाऊ म्हणत होते. फोन ठेवला आणि माझ्यावर आले.

"तुले काय गरज होती वो? आपल्याले इथंच राहाचं आहे."

मी म्हटलं, इथेच राहायचं आहे म्हणूनच. याच रस्त्याने मी शाळेत जाते. ते म्हणाले की तू शहाणी, आम्ही सगळे मूर्ख. मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या, आणि ते त्यांना जास्त लागलं. मग कितीतरी दिवस घरात बोलणं बहिणीमार्फत व्हायचं. हे तिला मीठ कमी आहे म्हणून सांगायचे आणि मी तिला डबा शेजारीच आहे म्हणून सांगायचे.

उन्हाळा लागता लागता प्लास्टर निघालं. पाय थोडा फेंगडा पडायला लागला होता. गाडी दुरुस्त होऊन आली होती, टाकीवर खरचटलेलं तसंच होतं. एका दुपारी हे पवनीला बियाण्याच्या कामाला म्हणून एकटेच तिच्यावर निघून गेले. मी शाळेतून आले तेव्हा ते सपरीत बसलेले, आणि त्यांच्या पँटवर पांढरे डाग.

मग त्यांनीच सांगितलं. त्याच वळणावर एक दूधवाला पडला होता. दोन्ही कॅन फुटलेले, दूध रेतीत जिरत चाललेलं, आणि तो गुडघा धरून मध्ये बसलेला. ह्यांनी गाडी लावली, त्याला उचलून बाजूला बसवलं, पाणी पाजलं. त्याने ह्यांच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमीच ना जी ते डुकरावाले?"

"चिडवत नव्हता तो," हे म्हणाले. "खरंच विचारत होता."

एवढं सांगून ते हातपाय धुवायला गेले. क्लबचे रविवार त्यांनी त्यानंतर सोडले. कुणाला तसं सांगितलं नाही, पाय दुखतो हे कारण अजून पुरत होतं. गाडी विकतील असं मला वाटलं होतं, पण विकली नाही. पूर्वीचा सायलेन्सर मात्र परत बसवला. शेजारीणबाईंनी म्हशीच्या वतीने खरवस पाठवला.

पुढच्या जानेवारीत क्लबची रॅली पुन्हा ठरली. या वेळी कॅप्टनने फोन केला तो समेटासाठीच असावा, कारण आवाज गोड होता. फोन स्पीकरवर होता, ह्यांचे हात रासायनिक खताने भरलेले होते म्हणून. तो म्हणाला की गेल्या वर्षी जे झालं ते झालं, आता वहिनींनी मंचावर यावं, अपघातातून वाचलेल्या महिला म्हणून त्यांचा सत्कार करू, त्यांनी चार शब्द बोलावे. विषय त्यानेच सुचवला, वन्यप्राणी आणि रस्ता सुरक्षा.

मी काउंटरपाशी बिलं लावत होते. हे माझ्याकडे बघत होते. मी काही खूण केली नाही.

"येईल ती," हे म्हणाले. "पण रेतीवर बोलंल, भाऊ. मीबी तेच बोलंन."

मग फोन कट झाला. ह्यांनी हात धुतले, पुसले आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, त्याला किती पोती हवी आहेत. गिऱ्हाईक म्हणालं की पोती नंतर, आधी हे सांगा, कॅप्टन काय म्हणत होता. ह्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं. ते स्टूल एरवी फक्त कंपनीच्या साहेबांना मिळतं.

रॅली गेल्या वर्षीसारखीच झाली, आमच्याशिवाय. त्या वळणावर आता एक फलक लागला आहे, क्लबच्या सौजन्याने. त्यावर डुकराचं चित्र आहे आणि ‘वाहने सावकाश चालवा’ असं लिहिलं आहे. फलकाच्या बुडाशी रेतीचा ढीग आहे. फलक रोवायला आणलेल्यातली उरलेली ती रेती असावी, नाही तर नेहमीची.